त्वचेच्या तुकड्यातून कंपवात कळतो का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन दिनानिमित्त या सदरात कंपवाताच्या सुरुवातीच्या लक्षणांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तपासणीबद्दल आहेत. त्वचेचा लहानसा तुकडा काढून पार्किन्सन्सचे निदान करता येते, असे वाचकांनी कुठेतरी वाचले आहे किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकले आहे. या तपासणीकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे आधी कळले तर पुष्कळ घरांतली धावपळ आणि भीती टळेल, असे मला मनापासून वाटते. म्हणून या अंकात याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. दीड वर्षापासून स्वस्थ बसले असताना त्यांचा उजवा हात थरथरतो, चालताना तो हात हलत नाही आणि अक्षर फार बारीक झाले आहे. धंतोलीतील न्यूरोलॉजिस्टांनी तपासून पार्किन्सन्स असल्याचे सांगितले व गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी बराच फरक पडला आहे. माझा भाऊ अमेरिकेत असतो. तिकडे त्वचेची बायोप्सी करून हा आजार नक्की करतात, तेव्हा ती होईपर्यंत गोळ्या बंद ठेवा, असे तो म्हणतो. बायोप्सी हा शब्द ऐकल्यापासून आईचे जेवणात लक्ष नाही. आम्ही काय करावे? (एक वाचक भगिनी, महाल)

उत्तर : ताई, आधी आईंना जेवायला बसवा. आपल्या घरांत 'तुकडा तपासायला पाठवला' म्हटले की कॅन्सरच डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे त्यांची भीती समजण्यासारखी आहे. बायोप्सी म्हणजे शरीराचा लहानसा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. या तपासणीत कॅन्सर शोधायचा नसतो, त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंमध्ये एक विशिष्ट प्रथिन साचले आहे का, एवढेच पाहायचे असते.

दुसरी गोष्ट तितकीच तातडीची आहे. वडिलांच्या गोळ्या कोणत्याही कारणाने एकाएकी बंद करू नका. या आजारावरच्या गोळ्यांतले लेवोडोपा हे मुख्य औषध अचानक थांबवल्यास अंग कमालीचे ताठरणे, तीव्र ताप आणि भान हरपणे असा जिवावर बेतणारा प्रसंग ओढवू शकतो. त्वचेच्या तपासणीसाठी या गोळ्या थांबवण्याचे कारणही नाही, कारण ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा ते या गोळ्यांनी कमी होत नाही.

आता तपासणीकडे वळू. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले ते रुग्णांचे चालणे, वाकणे आणि थरथरणे डोळ्यांनी पाहून. १९१२ साली फ्रिड्रिख लेवी या जर्मन वैद्याला अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये गोलसर गोळे दिसले, त्यांना आज लेवी बॉडी म्हणतात. ते गोळे मुख्यतः अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे असतात, हे कळायला मात्र १९९७ साल उजाडावे लागले. हे प्रथिन निरोगी माणसाच्या मज्जापेशींतही असते आणि तिथे ते आपले काम करत असते. आजारात त्याची घडी बिघडते, त्याचे रेणू एकमेकांना चिकटून साचू लागतात, आणि त्याच्या १४० अमिनो आम्लांच्या साखळीत १२९ व्या जागी एक फॉस्फेट जोडलेला आढळतो. निरोगी पेशीत असा फॉस्फेट लागलेले प्रथिन अगदी थोडे असते, तर लेवी बॉडीतल्या प्रथिनाचा फार मोठा भाग तसाच असतो. त्यामुळे ही खूण शोधणे म्हणजे बिघडलेले प्रथिन शोधणे होय.

मेंदूचा तुकडा जिवंतपणी काढता येत नाही, म्हणून हे प्रथिन इतकी वर्षे मृत्यूनंतरच्या तपासणीतच दिसत होते. मात्र ते मेंदूपुरते थांबत नाही. आतड्यांच्या, हृदयाच्या आणि त्वचेच्या मज्जातंतूंमध्येही ते साचते. त्वचेत घामाच्या ग्रंथी असतात, बारीक रक्तवाहिन्या असतात, अंगावर काटा आणणारे केसांच्या मुळाशी असलेले लहान स्नायू असतात, आणि या सगळ्यांना चालवणारे स्वायत्त मज्जातंतू तिथवर पोचलेले असतात. म्हणून पाठीचा कणा नव्हे, कवटी नव्हे, तर त्वचा ही मज्जासंस्थेत डोकावण्याची सर्वांत सोपी खिडकी ठरली.

प्रत्यक्ष कृती कशी असते ते सांगतो, म्हणजे आईंनाही धीर येईल. सामान्यतः मानेच्या मागची बाजू, गुडघ्याच्या वर मांडी आणि घोट्याच्या वर पाय अशा तीन जागा निवडतात. दात काढताना देतात तसे भुलीचे इंजेक्शन त्या जागी देतात, आणि ३ मिलिमीटर व्यासाच्या, पेनाच्या नळीसारख्या गोल पात्याने त्वचेचा छोटा दंडगोल कापून घेतात. त्याची रुंदी ज्वारीच्या दाण्याहूनही कमी असते. टाके बहुधा लागत नाहीत. पट्टी लावतात आणि जखम एक-दोन आठवड्यांत भरून येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेचा व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असेल, तर ते आधी सांगावे लागते. पुढे प्रयोगशाळेत त्या तुकड्याचे पातळ काप करून त्यांना दोन प्रकारची प्रतिपिंडे लावतात. त्यांतले एक सर्व मज्जातंतूंना चिकटते आणि दुसरे फक्त फॉस्फेट लागलेल्या अल्फा-सिन्युक्लिनला. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे रंग वेगवेगळे चमकतात, आणि ते एकाच तंतूवर एकमेकांवर पडलेले दिसले तरच तपासणी सकारात्मक मानतात. प्रथिन सगळीकडे सारखे पसरलेले नसते, ते ठिपक्याठिपक्यांनी असते, म्हणून तीन जागा आणि अनेक काप पाहावे लागतात.

तुमचे भाऊ ज्या अभ्यासाविषयी सांगत असावेत, तो मार्च २०२४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पार्किन्सन्सच्या ९६ रुग्णांपैकी ८९ जणांच्या, म्हणजे ९२.७ टक्के रुग्णांच्या त्वचेत हे प्रथिन सापडले, तर आजार नसलेल्या १२० जणांपैकी केवळ चौघांमध्ये ते आढळले. आकडे खरोखर चांगले आहेत आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्यांचा आनंद झाला. तरीही ते वाचताना एक गोष्ट विसरून चालत नाही. या अभ्यासात ज्यांचे निदान तज्ज्ञांनी आधीच पक्के केले होते असे रुग्ण घेतले होते. ज्यांच्याबद्दल डॉक्टरांच्याच मनात शंका आहे, ज्यांना लक्षणे सुरू होऊन चारच महिने झाले आहेत, अशांमध्ये ही तपासणी किती उपयोगी पडते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि दवाखान्यात आमच्यासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा याच दुसऱ्या गटातला असतो.

तुमच्या वडिलांची गोष्ट मात्र वेगळी आहे. स्वस्थ बसले असताना एकाच बाजूचा कंप, त्याच बाजूच्या हाताचे झुलणे थांबणे, अक्षर आक्रसणे आणि लेवोडोपाने ठळक सुधारणा, हे सगळे एकाच दिशेने बोट दाखवणारे आहे. तुमच्या डॉक्टरांनी वडिलांना अंगठा आणि तर्जनी भराभर टेकवायला सांगितली असेल. पार्किन्सन्समध्ये पहिल्या पाच-सहा वेळा बोटे मोठी उघडतात आणि मग प्रत्येक वेळी थोडी कमी कमी उघडत शेवटी अडखळतात. वडील मुख्याध्यापक होते, म्हणून तुम्ही घरीही करून पाहू शकता. एका कोऱ्या कागदावर 'आज शाळेला सुटी आहे' हे वाक्य एकाखाली एक दहा वेळा लिहायला सांगा. पहिल्या ओळीतली अक्षरे आणि दहाव्या ओळीतली अक्षरे शेजारी ठेवून पाहिली की डॉक्टरांनी काय पाहून निदान केले, ते कळेल.

प्रत्यक्ष तपासून केलेले निदान अचूक असतेच असे नाही. मृत्यूनंतरच्या मेंदू-तपासणीशी ताडून पाहिलेल्या अभ्यासांमध्ये ते शंभरातल्या सुमारे ८० जणांच्या बाबतीत बरोबर निघाले आहे. पण निदान चुकते ते मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांत आणि चित्र अस्पष्ट असताना. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्वचेचा अहवाल सकारात्मक आला तरी उपचार तेच राहतील, आणि नकारात्मक आला तरी इतकी स्पष्ट लक्षणे व गोळ्यांचा गुण पाहता कोणताही जाणता डॉक्टर निदान बदलणार नाही. उत्तर काहीही आले तरी उपचार बदलणार नसेल, तर ती तपासणी आज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भावाला हे पत्र वाचून दाखवा, त्यांची तळमळ खरी आहे.

प्रश्न : माझ्या मावशीला (वय ६३) सहा महिन्यांपासून दोन्ही हातांना कंप सुटतो, चेहरा निर्विकार झाला आहे आणि चाल मंदावली आहे. तिला अॅसिडिटीसाठीची एक कॅप्सूल वर्षभरापासून रोज चालू आहे, बाकी काही आजार नाही. आधी त्वचेची तपासणी करावी की मेंदूचे स्कॅन? (एक वाचक, इतवारी)

उत्तर : सर्वांत आधी त्या कॅप्सूलच्या पाकिटावरचे बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे अॅसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड नावाचे औषध असते. ते हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे काम अडवते आणि काही जणांमध्ये, विशेषतः उतारवयातल्या स्त्रियांमध्ये, हुबेहूब पार्किन्सन्ससारखे चित्र उभे करते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आणि अर्धशिशीसाठी दिली जाणारी सिनारिझिन व फ्लुनारिझिन, तसेच मानसिक आजारांवरची काही औषधेही हेच करतात. कंप दोन्ही हातांना साधारण एकाच वेळी सुरू होणे ही त्याकडे नेणारी एक खूण आहे. अशी कॅप्सूल घरातल्यांना औषध वाटतच नाही, त्यामुळे ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि ही गोष्ट मला दर महिन्याला अस्वस्थ करते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने ते औषध बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतात. काहींची ओसरत नाहीत, कारण त्यांच्यात खरा आजार आधीपासून दबलेला असतो आणि औषधाने तो फक्त उघडा पाडलेला असतो. पुरेसा काळ थांबूनही लक्षणे राहिली, तर डोपामिनच्या पेशींची स्थिती दाखवणारे ट्रोडॅट स्कॅन उपयोगी पडते. निव्वळ औषधामुळे झालेल्या त्रासात ते स्कॅन सामान्य येते. त्वचेचा विचार त्यानंतर.

प्रश्न : माझी आई (वय ६१) मागच्या वर्षी बहिणीकडे अमेरिकेत गेली असताना तिथे तिच्या त्वचेची बायोप्सी झाली. अहवालात फॉस्फोरिलेटेड अल्फा-सिन्युक्लिन आढळल्याचे लिहिले आहे. आम्ही तो पार्किन्सन्सचा अहवाल समजून नागपूरला परतलो. इथले डॉक्टर म्हणतात, हा पार्किन्सन्स नसून मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी असू शकते. तिला उभे राहिल्यावर अंधारी येते, लघवीवर ताबा राहत नाही आणि गोळ्यांचा उपयोग होत नाही. यंत्राचा अहवाल खरा की डॉक्टरांचे म्हणणे? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि दोघांत विरोध नाही. अहवाल पुन्हा एकदा नीट वाचा. आईंच्या मज्जातंतूंत एक प्रथिन साचले आहे, असे तो सांगतो. आजाराचे नाव तो सांगत नाही. अल्फा-सिन्युक्लिन साचण्याने होणारे आजार एकाहून अधिक आहेत. पार्किन्सन्स हा त्यांतला सर्वांत परिचित, पण लेवी बॉडी डिमेन्शिया आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी ही त्याचीच भावंडे आहेत. वर उल्लेखलेल्या २०२४ च्या अभ्यासात मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफीच्या ५५ पैकी ५४ रुग्णांची आणि लेवी बॉडी डिमेन्शियाच्या ५० पैकी ४८ रुग्णांची त्वचा सकारात्मक होती. म्हणजे या तपासणीने 'या कुटुंबातला आजार आहे' हे कळते, घरातला नेमका कोण ते कळत नाही.

हा फरक कुटुंबाबाहेरच्या आजारांशी ताडताना फार मोलाचा ठरतो. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी या आजारात माणूस पहिल्या एक-दोन वर्षांतच मागच्या बाजूला पडू लागतो आणि नजर खाली नेणे त्याला जड जाते. पण त्यात साचणारे प्रथिन टाऊ नावाचे दुसरेच असते. तिथे किंवा वयानुसार होणाऱ्या साध्या कंपात त्वचेत सिन्युक्लिन सापडणे अपेक्षित नसते. अशा पेचात मी स्वतः या तपासणीच्या बाजूने बोलेन.

पार्किन्सन्स आणि मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी यांना त्वचेवरूनच वेगळे ओळखण्याचे प्रयत्न संशोधनात चालू आहेत. पार्किन्सन्समध्ये हे प्रथिन मुख्यतः घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या आणि केसांचे स्नायू चालवणाऱ्या स्वायत्त तंतूंत आणि पायापेक्षा मानेच्या त्वचेत अधिक आढळते. मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफीत ते स्पर्शाच्या तंतूंतही दिसते आणि एकंदर प्रमाणही जास्त असते, असे निरीक्षण आहे. पण एका रुग्णाचे निदान त्यावर सोडावे इतके ते अजून पक्के झालेले नाही. म्हणून तुमचे डॉक्टर लघवीची तक्रार, बोलण्या-चालण्यातला तोल, एमआरआयमधल्या खुणा आणि गोळ्यांचा गुण न येणे हे सगळे एकत्र मांडून पाहत आहेत, आणि तीच योग्य पद्धत आहे.

आईंच्या अंधारीकडे मात्र आजच लक्ष द्या. त्यांना पाच मिनिटे झोपवून रक्तदाब मोजा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. ज्या स्वायत्त तंतूंत हे प्रथिन सापडले त्यांचेच काम उभे राहताना रक्तवाहिन्या आवळण्याचे आणि उकाड्यात घाम आणण्याचे असते, आणि ते बिघडले की दोन्ही गोष्टी नीट होत नाहीत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा अशा माणसाचे अंग घामाने गार होत नाही आणि उभे राहताच रक्तदाब कोसळतो. दुपारी अकरा ते पाच त्यांना उन्हात नेऊ नका, कूलरच्या खोलीत ठेवा, अंथरुणातून उठताना आधी काठावर दोन मिनिटे बसवा, आणि पाणी व मीठ किती वाढवायचे ते हृदय व मूत्रपिंडे पाहून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा.

प्रश्न : माझ्या यजमानांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. गोळ्यांचा डोस वाढत चालला आहे. साखरेसाठी जशी दर तीन महिन्यांनी तपासणी करतो, तशी दर वर्षी त्वचेची तपासणी करून आजार किती वाढला आणि औषध लागू पडते की नाही, हे कळेल का? त्यांना खाजकुयलीचे चूर्णही देतो, त्याने प्रथिन कमी होते का? (एक वाचक भगिनी, प्रतापनगर)

उत्तर : मधुमेहाशी तुलना करण्यामागचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. असा एखादा आकडा मिळावा यासाठी जगभर संशोधक झटत आहेत. पण आज त्वचेची तपासणी तो आकडा देऊ शकत नाही, आणि त्यामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण प्रथिनाच्या ठिपक्याठिपक्यांनी साचण्यात आहे. मागच्या वर्षी काढलेला तुकडा परत काढता येत नाही. यंदा शेजारचा काढावा लागतो, आणि त्यात ठिपके कमी-अधिक सापडले तर आजार बदलला की फक्त जागा बदलली, हे सांगता येत नाही. दुसरे कारण असे की दवाखान्यात वापरली जाणारी ही तपासणी 'आहे' की 'नाही' या स्वरूपात उत्तर देते, आणि तुमच्या यजमानांच्या बाबतीत ते उत्तर सहा वर्षांनंतरही बहुधा 'आहे' असेच येईल. तिसरे कारण औषधाशी निगडित आहे. लेवोडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनते आणि कमी पडलेली रसद भरून काढते. साचलेल्या सिन्युक्लिनला ते हात लावत नाही. त्यामुळे गोळी उत्तम लागू पडली तरी त्वचेतले प्रथिन तसेच राहते, आणि ते पाहून औषध निरुपयोगी आहे असा समज झाला तर माणसाचे नुकसान होईल.

संशोधनात मात्र या मोजमापाची फार गरज आहे. अल्फा-सिन्युक्लिनवर थेट मारा करणाऱ्या दोन प्रतिपिंडांच्या, प्रासिनेझुमॅब आणि सिनपानेमॅब यांच्या, मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२२ मध्ये आले आणि दोन्ही चाचण्यांना आपले मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही. अशा वेळी औषध प्रथिनापर्यंत पोचलेच नाही, की पोचूनही उपयोग झाला नाही, हे कळण्यासाठी शरीरातले प्रथिन मोजण्याची खात्रीची रीत हवी. त्या दिशेने त्वचेतल्या प्रथिनाचे प्रमाण मोजण्याचे, त्वचेतल्या तंतूंची घनता मोजण्याचे आणि 'सीड अॅम्प्लिफिकेशन' नावाच्या पद्धतीचे काम चालू आहे. या पद्धतीत रुग्णाच्या नमुन्यातले अगदी थोडे बिघडलेले प्रथिन निरोगी प्रथिनाच्या द्रावणात घालतात. दुधात विरजण पडावे तसे ते चांगल्या प्रथिनालाही बिघडवत जाते, आणि त्या वाढीवरून मूळ बिघाड ओळखता येतो. पाठीच्या कण्यातल्या पाण्यावर ही पद्धत १,१०० हून अधिक जणांच्या अभ्यासात तपासली गेली, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले आणि पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ती सकारात्मक ठरली. त्वचेच्या नमुन्यांवरही ती वापरून पाहिली जात आहे. विशेष म्हणजे एलआरआरके२ या जनुकातल्या दोषामुळे ज्यांना पार्किन्सन्स होतो, त्यांच्यात ती कमी वेळा सकारात्मक येते, कारण त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत लेवी बॉडी नसतातच. म्हणजे प्रथिन न सापडणे याचा अर्थ आजार नाही, असा होत नाही.

तोवर तुमच्या घरातली एक वही कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त सांगेल. आठवडाभर रोज गोळी घेतल्याची वेळ, अंग मोकळे झाल्याची वेळ, पुन्हा जखडल्याची वेळ आणि अंगात नको त्या हालचाली सुरू झाल्याची वेळ लिहा. महिन्यातून एकदा, गोळी घेतल्यावर ठराविक वेळाने, यजमानांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालून वळून परत येऊन बसायला सांगा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. तीच जागा, तीच खुर्ची, तीच चप्पल ठेवा. पडण्याचे प्रसंग, वजन आणि शौचाची नियमितता यांचीही नोंद ठेवा. डॉक्टर त्यांच्या मोजपट्टीवर गुण देतील तेव्हा ही वही त्यांना गोळीच्या वेळा ठरवायला उपयोगी पडेल. जेवणाच्या वेळाही लिहा, कारण जेवणातली प्रथिने आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात. दुपारी पाटोडीच्या रस्स्याचे भरपेट जेवण झाल्यावर लगेच घेतलेली गोळी उशिरा लागू पडते, म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घेणे बरे.

खाजकुयलीबद्दल विचारलेत ते बरे झाले. तिच्या बियांमध्ये नैसर्गिक लेवोडोपा असते, त्यामुळे तिचा परिणाम होतो हे खरे. पण प्रथिन तीही कमी करत नाही, आणि चूर्णातले प्रमाण दर वेळी सारखे नसते. गोळ्यांच्या जोडीला ती घेतल्यास लेवोडोपाची मात्रा नकळत वाढून अंग वळवळणे, भास होणे किंवा रक्तदाब उतरणे असे त्रास होऊ शकतात. चूर्ण देत असल्याचे डॉक्टरांना सांगा. डोस वाढत का गेला किंवा परिणाम असमान का झाला, याचे उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

प्रश्न : माझे वय ५९ आहे. मला कंप नाही, चालणे ठीक आहे. पण दोन वर्षांपासून झोपेत मी ओरडतो, हातपाय झाडतो, एकदा पलंगावरून पडलो. फोडणीच्या हिंगाचाही वास येत नाही. पुढे पार्किन्सन्स होतो असे वाचले. आत्ताच त्वचेची तपासणी करून घ्यावी का? (एक वाचक, सदर)

उत्तर : तुमची चिंता निराधार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. स्वप्न पडत असताना शरीर शिथिल राहण्याची जी नैसर्गिक व्यवस्था आहे ती बिघडली की माणूस स्वप्नातले झगडे प्रत्यक्षात करू लागतो. या विकाराच्या १,२८० रुग्णांच्या २०१९ मधील बहुराष्ट्रीय अभ्यासात दर वर्षी सुमारे ६ टक्के लोकांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या कुटुंबातला आजार जडला. अशा लोकांच्या त्वचेत लक्षणांच्या आधीच हे प्रथिन सापडते, हेही अभ्यासांत दिसले आहे.

तरीही आधी विकाराची खात्री करा. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसातही असेच हातपाय झाडणे दिसते, आणि त्याचा उपचार अगदी वेगळा असतो. रात्रभराची चित्रफितीसह निद्रा-तपासणी हे दोन्ही वेगळे करते. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसांनी मात्र केवळ उत्सुकतेपोटी त्वचेची तपासणी करू नये, आणि त्यामागे साधे गणित आहे. साठीपुढच्या हजार जणांत साधारण दहा जणांना पार्किन्सन्स असतो. सगळ्यांची तपासणी केली तर त्या दहांपैकी नऊ जण सापडतील, पण निरोगी ९९० जणांपैकी, वरच्या अभ्यासातल्या १२० पैकी चार म्हणजे ३.३ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे ३३ जणांनाही 'सकारात्मक' असा कागद हाती मिळेल, आणि त्या काळजीवर औषध नाही.

तुमच्या बाबतीत झोप आणि वास या दोन खुणा आहेत, म्हणून तुमचे गणित या हजारांपेक्षा वेगळे आहे. पण आजार थांबवणारे औषध आज उपलब्ध नसल्यामुळे त्या अहवालाने उद्याचा उपचार बदलत नाही. २०२४ मध्ये याच प्रथिनाच्या आधारे आजाराची नवी व्याख्या करण्याचे दोन प्रस्ताव मांडले गेले, आणि दोन्हींनी ती व्याख्या सध्या संशोधनापुरतीच वापरावी असे म्हटले आहे. तुम्हाला आधी कळून घ्यायचेच असेल, तर तो तुमचा अधिकार आहे. मात्र अहवाल सकारात्मक आल्यावर घरात कोणाला सांगायचे आणि त्यानंतर काय करायचे, हे ठरवून मगच तपासणीला जा.

या आठवड्यात करायच्या गोष्टी साध्या आहेत. पलंगाशेजारची काच आणि टोकदार वस्तू हलवा, जमिनीवर गादी टाका किंवा पलंगाला कठडा लावा, आणि या विकारावर झोपेपूर्वी घ्यायची औषधे आहेत त्यांविषयी न्यूरोलॉजिस्टांना विचारा. नियमित वेगाने चालण्याचा व्यायाम आजच सुरू करा. डॉक्टरांकडे जाताना पत्नीला सोबत न्या, कारण रात्री किती वाजता, किती वेळा आणि काय घडते, ते फक्त त्याच सांगू शकतील.